कुपनावरच्या दोन ओळी

मु. पो. देवरुख, ता. संगमेश्वर

चि. सौ. बायोस,



मागच्या रविवारी फोनवर तू विचारलंस, "अण्णा, आम्ही जावं की नाही? तुम्ही सांगाल तसं करू." मी म्हटलं, आवाज तुटतोय, टॉवर नाही. टॉवर फुल होता, बायो. उत्तर नव्हतं. उभी हयात दुसऱ्यांचं लिहिलेलं घरोघर पोचवण्यात गेली, स्वतःचं बोलणं वेळेवर पोचवायची सवय काही लागली नाही.

पत्र मासिकाकडे धाडलंय म्हणून रागावू नकोस. उघडं पत्र म्हणजे आमच्या खात्याच्या भाषेत पोस्टकार्ड. ते वाटेत सगळेच वाचत. सॉर्टिंगवाला वाचे, पोस्टमन वाचे, ज्याच्या नावचं असे तो शेवटी. आपल्या वाडीत हाच प्रश्न घेऊन बसलेली आणखी तीन घरं आहेत, तीही वाचतील. तुमची नावं कुठे घातलेली नाहीत.

जावईबापूंनी पाठवलेली एक्सेलची शीट मी नाक्यावरून छापून आणली. दोन रकाने, 'इथे' आणि 'तिथे'. एकतीस ओळी, प्रत्येकीला दहापैकी गुण, खाली बेरीज. हिंजवडी हरली, म्युनिक जिंकलं. काम टापटीप आहे, आमच्या ऑडिटरनेही चूक काढली नसती. मी मात्र सत्ताविसाव्या ओळीवर अडकलो. 'पालक (कोकण)'. इथे 8, तिथे 2. त्या ओळीकडे नंतर येतो. आधी तुला तुझ्या आजोबांचं सांगायचंय. तू त्यांना ओटीवर तपकीर ओढत बसलेले पाहिलंस, त्याच्या आधीचं.

तात्या 1955 साली मुंबईला गिरणीत लागले. आईला सांगून गेले, दोन वर्षं, घरावर कौलं चढवण्यापुरती. कौलं चढली. मग विहीर, मग आत्याचं लग्न, मग माझी शाळा. लालबागला आपल्या गावकऱ्यांचा एक गाळा होता. नऊ वर्षांचा असताना मे महिन्यात मला तिथे नेलं होतं. एका खोलीत वीस-बावीस बाप्ये. पहिल्या पाळीचा उठला की त्याच वळकटीवर तिसऱ्या पाळीचा आडवा व्हायचा. तात्यांची तेव्हा तिसरी पाळी. मी दिवसभर गॅलरीत बसून त्यांच्या उठण्याची वाट बघायचो, आणि ते उठेपर्यंत माझी झोपायची वेळ व्हायची. जेवण खाणावळीत. खाणावळ चालवणाऱ्या बायकांना हाताशी धरून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्याचं कौतुक मी पुढे पेपरात वाचलं. तेव्हा एवढंच कळलं होतं की माझा बाप रोज दुसऱ्याच कुणाच्या तरी आईच्या हातचं जेवतो.

1981 साली मी खात्यात चिकटलो, आपल्याच गावात, ईडी म्हणून. आता ज्याला ग्रामीण डाक सेवक म्हणतात ते. पिशवीत मुख्य माल मनीऑर्डरींचा. कोकण मनीऑर्डरीवर जगतं असं म्हणायचे, तो वाक्प्रचार नव्हता, माझ्या खांद्याला त्याचं वजन माहीत होतं. शेकडा पाच रुपये कमिशन भरून माणूस मुंबईहून पैसे धाडायचा, आणि फॉर्मच्या तळाला मजकुरासाठी एक कुपन असायचं. बोटभर जागा. तेवढ्यात नवऱ्याने बायकोशी, बापाने लेकराशी काय ते बोलून घ्यायचं. बहुतेक बायकांना वाचता येत नसे, म्हणून मी नोटा मोजायचो, अंगठा घ्यायचो आणि कुपन वाचून दाखवायचो. शंभर घरांतली कुपनं वाचलीस तरी मजकूर एकच. पैसे मिळाल्याचे कळवणे. पोरांना सांभाळणे. गणपतीस येतो.

त्यात आपलंही घर होतं. वर्षभर मी माझ्याच बापाची मनीऑर्डर माझ्याच आईला दिली. ती पदराला हात पुसून यायची, अंगठा उठवायची, मग म्हणायची, "काय म्हणतत?" आणि मी तिला तात्यांच्या दोन ओळी वाचून दाखवायचो. त्यांत माझंही नाव असायचं. वाचताना घसा साफ करावा लागायचा.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांचा. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, असं रेडिओ सांगत होता; आम्हाला तो आकडा पिशवीच्या वजनावरून कळला. फेब्रुवारीत पिशवी निम्मी झाली. बायका पाणंदीपर्यंत येऊन उभ्या राहायच्या. मी लांबूनच मान हलवायचो. आई उंबरठ्यावर असायची, ती काही विचारायचीच नाही. मार्चात एक आली. चाळीस रुपये, कुणाकडून तरी उसने घेतलेले. आणि कुपन कोरं. "काय म्हणतत?" आईने विचारलं. मी म्हटलं, बरे आहेत म्हणतात. ते कोरं कुपन माझ्या कपाटात आहे. तुला कधी दाखवलं नाही.

लावणीला तात्या आले आणि परत गेलेच नाहीत. खरी गोष्ट तिथे सुरू होते, बायो. घरात माणूस आला आणि त्याच्याशी काय बोलायचं हेच कुणाला ठाऊक नाही. पाटावर पाहुण्यासारखे बसायचे, आईने वाढलं की "पुरे" म्हणायचे, मीठ कमी असलं तरी मागायचे नाहीत. अंगात तिसरी पाळी मुरलेली, रात्री दोनला ओटीवर जाऊन बसायचे. एकदा मी गंमत म्हणून हिशेब मांडला. गणपतीचे दहा-बारा दिवस, शिमग्याचे आठ, मे महिन्यातले दहा. वर्षाकाठी एक महिना. माझ्या बावीस वर्षांत बावीस महिने. मांडायलाच नको होता.

म्हणून तुमच्या जाण्याचं ऐकलं तेव्हा पहिल्यांदा माझ्या पोटात गोळाच आला. पुन्हा तेच, असं वाटलं. पण मग जून आठवला. तुझ्या आईच्या गुडघ्यासाठी आम्ही बावीस दिवस वाकडला तुमच्याकडे होतो. रिकामा बसलेला पोस्टमास्तर वाईट. मी डायरीत तुमच्या घराचं टपाल नोंदवलं, म्हणजे कोण कधी निघालं, कोण कधी पोचलं. आठ-दहाला तुझी चिमणी पाळणाघरात. तुझा दवाखाना दहा ते एक, आणि पाच ते नऊ, कारण लोकांचे दात ऑफिस सुटल्यावरच दुखतात. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून जावईबापू साडेसातला दारात, आणि साडेआठला त्यांची अमेरिका जागी होते. ते कानाला यंत्र लावून आतल्या खोलीत. पोळ्यांच्या मावशी चिमणीला भरवतात. तू येतेस तेव्हा तिचे डोळे मिटत असतात. बावीस दिवसांत तुम्ही तिघं एका वेळी जेवायला बसलात ते चारदा, त्यांतल्या दोनदा घरी पाहुणे होते.

लालबागचा गाळा तुमच्या टू बीएचकेत मला दिसला. माणसं तीन, जागा ऐसपैस, पण राहणं पाळीपाळीनं. गाव न सोडता तुम्ही घरातल्या घरात चाकरमानी झालात. तेव्हा 'आमचं इथे बरं चाललंय, उगाच कशाला' असं कुणी म्हणत असेल तर मी त्या बाजूचा नाही.

मग मी तिथले नियम वाचायला घेतले. मला नियमपुस्तकं आवडतात, पोस्टल मॅन्युअलचे खंड मी रात्री अंथरुणात वाचायचो, तुझी आई साक्षीला आहे. आपल्याकडे 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची पगारी रजा आली, चांगलं झालं. पण खाजगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एक दिवस नाही. जर्मनीत दोघांनी वाटून घेतली तर मिळून 14 महिने पालकभत्ता मिळतो, आणि मूल लहान असताना आई किंवा बाप तीन वर्षांपर्यंत रजेवर गेला तरी नोकरी टिकते. 2025 मध्ये प्रत्येक मुलामागे महिना 255 युरो सरकार देत होतं. सरकारी विम्यात असलेल्या आईबापांना मूल आजारी पडल्यास वर्षाला प्रत्येकी 15 दिवस घरी राहता येतं आणि बुडालेल्या पगाराचा मोठा भाग विमा भरून देतो. हे वाचून मी चष्मा काढला. गेल्या पावसाळ्यात चिमणीला एकशे तीन ताप असताना तू कुणाच्या तरी दाढेत ड्रिल धरून उभी होतीस, आणि फोन मला केला होतास. मी इथून काय करणार होतो?

रविवारी तिथे दुकानं बंद. तुझी आई म्हणाली, "मग करतात काय?" मी म्हटलं, तेच. घरात असतात.

इथवर मी शीटच्या बाजूने आहे. आता नववी ओळ. 'पत्नीचं करिअर'. तिथे 6. हे सहा गुण कुणी दिले, बायो? तू दिलेस? त्या चौकटीत हिरव्या रंगात लिहिलंय की नवऱ्याला ब्लू कार्ड मिळालं की बायकोला पहिल्या दिवसापासून काम करायची मुभा असते. खरं आहे. पण मुभा म्हणजे परवाना नव्हे. कॉम्प्युटरवाल्याची विद्या विमानात बसून जाते, दातवाल्या डॉक्टरची सीमेवर अडते. आधी जर्मन बी-टू पातळीपर्यंत, मग पेशंटशी आणि सहकाऱ्यांशी वैद्यकीय जर्मनमध्ये बोलून दाखवायची वेगळी परीक्षा. तुझी पदवी त्यांच्या पदवीच्या तोडीची आहे का याची छाननी, आणि नाही म्हणाले तर ज्ञानाची परीक्षा. तू हुशार आहेस, देशील. पण धर दोन-तीन वर्षं. आणि कर्ज फेडून आत्ता कुठे आपली झालेली ती निळी खुर्ची, 'मॅडमच हव्यात' म्हणून आळंदीहून येणाऱ्या आजी, हे सगळं सोडून.

त्यात तिथली प्राथमिक शाळा बऱ्याच ठिकाणी दुपारीच सुटते. नोकरी करणाऱ्या बायकांपैकी जवळजवळ निम्म्या अर्धवेळ काम करतात, ते काही साऱ्याच हौसेने करत नसणार. म्हणजे जावईबापू पाचला घरी येतील हे नक्की, पण चिमणी बाराला येईल तेव्हा दार कोण उघडेल, हे शीटमध्ये नाही. चांगल्या कुटुंबजीवनाची किंमत तीन माणसांत कशी वाटली जाणार, ते आधी बोलून घ्या. गुणांत नको, शब्दांत. भांडण झालं तर इथेच होऊ दे, आपल्या भाषेत.

बव्हेरियातली एक गोष्ट मला खटकली. चौथी संपताना दहा वर्षांच्या पोराचे जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांचे श्रेणीगुण काढतात. सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली असली तर थेट विद्यापीठाच्या वाटेवरची शाळा, नाहीतर दुसरी. तिथे 1 म्हणजे उत्तम, आपल्या उलट. वाट पुढे बदलता येते म्हणतात. तरी आपल्याकडे दहावीचा बाऊ निदान पंधराव्या वर्षी होतो. चिमणी चार वर्षांची आहे, जर्मन ती तुमच्याआधी बोलेल, तेव्हा फार घाबरू नका. तिच्या मराठीची काळजी मला आहे, पण खरं सांगू? पाळणाघरातून शिकून आलेलं तिचं "आजोबा, मी फिनिश केलं" ऐकल्यावर म्युनिकला बोल लावायचा मला तोंड नाही.

आता शेवटची ओळ. बेरजेच्याही खाली, बारीक अक्षरात. 'टप्पे'. जावईबापू जानेवारीत एकटे जाणार. म्युनिकमध्ये घर मिळणं कठीण. बालवाडीच्या जागेचा हक्क 2013 पासून पहिल्या वाढदिवसापासूनच मिळतो, पण जागा कमी आणि रांग मोठी. म्हणून ते आधी बस्तान बसवणार, तू दवाखाना आवरणार, आणि तुम्ही दोघी 'साधारण दिवाळीपर्यंत' जाणार.

सगळी कारणं रास्त आहेत. तात्यांचीही रास्त होती.

तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच आहे. जायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण गेलात तर तिघं एका दिवशी, एका विमानाने जा. 'साधारण दिवाळीपर्यंत' हे शब्द मी तीस-पस्तीस वर्षं कुपनांवर वाचले आहेत. दिवाळीचा शिमगा होतो. दवाखान्याला गिऱ्हाईक मिळत नाही, घराचं भाडं परवडत नाही, चिमणीला शाळेत घालायची वेळ येते, तेवढ्यात 'हे एक वर्ष जाऊ दे' असं कुणीतरी म्हणतं. कुणाचाच दोष नसतो. व्हिडिओ कॉल आहे म्हणशील, तर ते रंगीत कुपन. रोज येतं, पण जागा बोटभरच. जेवलीस का, झोपली का, बाबाला टाटा कर. 1880 साली सुरू झालेली कागदी मनीऑर्डर खात्याने 2015 मध्ये बंद केली, तेव्हा मी नोकरीत होतो. बंद पडली ती पद्धत. एकाने लांबून पैसे धाडायचे आणि बाकीच्यांनी दोन ओळींवर भागवायचं, हा रिवाज काही बंद झालेला नाही.

घर मिळेपर्यंत एका खोलीत राहा. तिघं. तिथल्या कंपनीला सांगा की जानेवारी नाही, जूनला येतो. कुटुंबजीवनाचे गोडवे गाणाऱ्या देशातली कंपनी कुटुंबासाठी पाच महिने थांबत नसेल, तर शीटमधल्या बऱ्याच ओळींचे गुण पुन्हा तपासावे लागतील. तोवर तू दवाखाना नीट कुणाच्या तरी हाती दे आणि बी-वनपर्यंतची जर्मन पुण्यातच करून घे. आणि हेही बघा, की पाच महिने जावईबापूंना अमेरिकेच्या वेळेचं काम सोडून दुसरं मागता येतं का. मिळालं आणि संध्याकाळी सातला तिघं जेवायला बसू लागलात, तर कदाचित जायचा बेतच बारगळेल. किंवा नाही. मला दोन्ही चालेल.

तर सत्ताविसावी ओळ. ती खोडून टाका. आठही नको, दोनही नको. आमच्यासाठी राहिलात, तर पुढची वीस वर्षं हिंजवडीच्या प्रत्येक सिग्नलला तुम्ही आमच्याकडे बोट दाखवाल, तोंडाने नाही तरी मनात. ते ओझं म्हातारपणी आम्हाला झेपणार नाही. आणि गेलात, तर दर फोनला 'अण्णा, सॉरी' नको. आम्हाला तिकडे पाहुणे म्हणून यायचं तर 180 दिवसांत 90 दिवस, त्याहून जास्त ठेवायचं तर आमच्या वयाला आरोग्यविमा मिळणं मुश्कील, हेही मी वाचलं. नव्वद दिवस पुष्कळ झाले. तुझ्या आईला चौथ्या दिवसापासून गोठ्याची आठवण येते.

'काही झालं तर' हे तुझ्या मनात आहे, ते बोलूनच टाकू. म्युनिकहून मुंबई थेट विमानाने आठ-सव्वाआठ तास. मुंबईहून आपल्या अंगणात यायलाही जवळजवळ तितकेच, कारण आपला महामार्ग 2011 पासून होतोच आहे. पुण्याहून तरी तू कुठे अर्ध्या तासात येणार होतीस? आंबा घाटात दरड आली की पुणंही परदेशच. शेजारचे आहेत, डॉक्टर आहेत, पोस्टात माझी माणसं आहेत. पोचशील तेव्हा पोच.

आपल्या बागेतल्या कलमांचीही काळजी नको. जर्मनीने जून 2024 पासून दोन नागरिकत्वं ठेवायची मुभा दिली, पण आपला देश देत नाही. उद्या तिथलं घेतलंस तर इथलं जाईल, ओसीआय कार्ड मिळेल. त्यावर मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने मात्र येते. सातबारा बघितलाय मी.

खरं सांगायचं तर तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं. हे लिहिणार नव्हतो, पण पोस्टकार्डावर काही लपत नाही. ते माझं वाटणं आहे, त्याला शीटमध्ये ओळ काढू नका.

एक मात्र कर. गेलात तर पहिल्या आठवड्यात पत्ता कळव, हाताने लिहून. तिथे पाच आकडी पिनकोड गावाच्या नावाआधी घालतात, आपण नंतर घालतो. आपला सहा आकडी पिन 1972 सालचा, श्रीराम वेलणकर या मराठी माणसाने बसवलेला; त्यांचा पाच आकडी 1993 चा, दोन जर्मनी एक झाल्यावरचा. उलट लिहिलंस तरी पोचेल, सॉर्टिंगवाले शहाणे असतात, पण नीट लिही.

आईने आमसुलं सुकवून ठेवली आहेत. पाठवू की थांबू, असं विचारते आहे. मी वाकडच्या पत्त्यावर पार्सल करतोय. बुधवारपर्यंत मिळेल.

चिमणीस गोड पापा. जावईबापूंना नमस्कार, आणि शीट सुबक होती हे आवर्जून सांग.

तुझे,
अण्णा